योग्य वेळी

सोमवारी तो म्हणाला, अठ्ठेचाळीस तास.
एक मिनिट जास्त नाही.
पावतीपुस्तकात कार्बन उलटा घातला होता मी,
ते नेमकं तेव्हाच लक्षात आलं.

शारजाच्या खोरीत, धक्क्याला खेटून सात गलबतं.
टायर, फ्रिज, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि जुसब भडालाच्या वाहणात लासलगावचा कांदा,
अकराशे चाळीस गोणी.
मी मोजल्यात. खाली सही माझी आहे.

पलीकडचा काठ इथून दिसत नाही.
एक रात्र आणि थोडी सकाळ, एवढंच अंतर.
मीरदोस्त हमालाने विचारलं,
अठ्ठेचाळीस कुठल्या घड्याळाचे?
त्याच्या, आपल्या, की तिकडच्या?
कुणी हसलं नाही.

बुधवारी अठ्ठेचाळीस संपले.
चहावाल्याच्या टीव्हीवर तो पुन्हा आला,
निळा कोट, मान ताठ,
म्हणाला, मी मुदतबिदत घालत नसतो,
मुदती दुबळे लोक घालतात.
शुक्रवारी म्हणाला, दोन आठवडे.
रविवारी, दोन आठवडे, बहुतेक.
पलीकडचाही काही कमी नव्हता.
सकाळी म्हणाला, घाई कसली, आमच्यापाशी हजार वर्षं आहेत.
त्याच रात्री म्हणाला, उद्या दुपारपर्यंत उत्तर हवं.

मी कारकून माणूस.
मला एवढंच कळतं,
दुसऱ्याला द्यायची तारीख ते लोखंडात ओततात.
स्वतःची लिहितात पेन्सिलीने,
आणि खोडरबर सांभाळायला
पगारी माणूस ठेवतात.

हे काही इथलंच नाही.
आमच्या खाडीवर जेटीचा फलक आहे.
काम पूर्ण होण्याचा दिनांक, त्यावर रंगाचे चार थर.
आमदारांना विचारलं की म्हणतात, योग्य वेळी.
पण शिवा डोर्लेकरची होडीची खोप जेटीच्या आड येत होती,
तिला दिले सात दिवस.
आठव्या दिवशी उजाडता उजाडता जेसीबी हजर.
सरकारला वेळ पाळता येत नाही
असं कोण म्हणतं?

तिसऱ्या आठवड्यात एका गोणीतून कोंब बाहेर आला.
हिरवा, करंगळीएवढा.
त्यानंतर वास. मग फळीवरून ओघळलेलं तपकिरी पाणी.
धक्क्याचं भाडं रोज चढत होतं,
त्याला कुणी मोहलत देत नव्हतं.
जुसब बंदर कचेरीत जाऊन आला.
खुर्चीतला पोरगेला साहेब सभ्य होता,
त्याने पाणी दिलं,
आणि बोट वर करून म्हणाला, मुद्दा, मुद्दा.
जुसबने मला विचारलं, कसला मुद्दा?

इथे मुदतीला मुद्दा म्हणतात.
शब्द इथलाच, कधीकाळी खजुराबरोबर
आमच्याकडे उतरलेला.
आम्ही तो फोडून दोन केले,
मुदत वेगळी ठेवली, मुद्दा वेगळा.
टीव्हीवरच्याकडे आता
दोन्हीपैकी काय उरलंय ते सांगता येत नाही.

मंगळवारी रात्री जुसबने दोर सोडले.
मी म्हटलं, अरे, आज तर त्याने नवीन तारीख दिलीय.
तो म्हणाला, भरती दोन वाजून दहा मिनिटांनी.
ती मी कुणाला वाढवून मागितलेली नाही.
निम्म्या गोण्या धक्क्यावरच उतरवल्या होत्या,
उरलेल्या कुजण्याआधी कुठे लागतील तिथे.
फॉर्ममध्ये एक रकाना होता, अपेक्षित आगमन.
काय लिहू, विचारलं,
तर म्हणाला, तू शिकलेला आहेस.

हात थोडा वेळ तसाच राहिला.
मनात दोनच शब्द येत होते, आमदारांचे.
मी रकाना कोरा सोडला
आणि शिक्का जरा तिरका मारला,
म्हणजे कोरं झाकलं जावं.

सकाळी मीरदोस्तने मागे राहिलेल्या गोणीतली
हिरवी पात चिरून अंड्यात घातली.
सहा जणांना पुरली.
टीव्हीवर तो बोलत होता, बोटं मोजत.
कुणीतरी आवाज बारीक केला,
मीठ कुठे ठेवलंय
ते विचारायला.